सेवा म्हणाल, तर विद्याही म्हणा



१२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हा जन्मदिवस. त्या १८२० साली जन्मल्या. या दिवशी दवाखान्यांमध्ये मेणबत्त्या लावल्या जातात, शपथ घेतली जाते, पाहुण्यांची भाषणं होतात. आणि प्रत्येक भाषणात एक शब्द हमखास येतो : सेवा.

आजच्या कार्यक्रमात आम्ही याच शब्दाबद्दल बोलणार आहोत. सरकारी दवाखान्यातली पदांची नावं बघा. आपण जिला नुसतं सिस्टर म्हणतो ती कागदावर अधिपरिचारिका असते. वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणजे परिसेविका. मेट्रन म्हणजे अधिसेविका. आणि गावात घरोघर फिरून बाळांना डोस देणारी आपली नर्सबाई म्हणजे आरोग्यसेविका. परिचर्या आणि सेवा, या दोन शब्दांभोवतीच सगळी नावं फिरतात. डॉक्टरच्या पदाला मात्र 'अधिकारी' म्हणतात, वैद्यकीय अधिकारी. एकाच इमारतीत काम करणाऱ्या दोघांपैकी एक अधिकारी आणि दुसरी सेविका, हे आपल्या कानाला इतकं सवयीचं झालंय की त्यात काही खटकतही नाही.

सेवा हा शब्द वाईट नाही. या शब्दानेच परिचारिकांना समाजात मान मिळवून दिला. पण पगार, राहायची जागा, रात्रीची सुरक्षितता, पुढचं शिक्षण यांतलं काही मागायची वेळ आली, की तोच शब्द आडवा येतो. सेवा करणाऱ्यांनी मागायचं असतं का, असं लोक विचारतात. म्हणून आज आपण जरा मागे जाऊ आणि पाहू, की या व्यवसायाने आपल्या देशात जी काही पावलं पुढे टाकली, ती कधी आणि कशामुळे टाकली.

पहिला गुण कोणता?

आपल्याकडे रुग्णाची शुश्रूषा हा विषय फार जुना आहे. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, रोगी आणि रोग्याजवळ राहणारा परिचारक. चारातला एक लंगडा असला तर उपचार उभा राहत नाही. त्या परिचारकाच्या अंगी कोणते गुण हवेत तेही चरकांनी सांगितलंय. उपचारांचं ज्ञान, कामातलं कौशल्य, रोग्याविषयी जिव्हाळा आणि स्वच्छता. क्रम लक्षात घ्या. ज्ञान पहिलं, कौशल्य दुसरं आणि जिव्हाळा तिसरा. पुढच्या काळात आपण तिसरा गुण तेवढा लक्षात ठेवला आणि पहिला विसरलो.

नाइटिंगेलबाईंच्या बाबतीतही तेच झालं. हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी बाई एवढंच चित्र आपल्याला माहीत असतं. ते १८५४ नंतरच्या क्रिमियाच्या युद्धातलं. पण या बाई आकडेशास्त्रात इतक्या तयार होत्या, की ब्रिटनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने सदस्य करून घेतलेल्या त्या पहिल्या महिला. त्या हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत, पण इथल्या छावण्यांची माहिती मागवून त्यांनी हिशेब मांडला. इथल्या ब्रिटिश सैन्यात वर्षाला दर हजारी ६९ माणसं मरत होती, असं १८६३ च्या अहवालात आलं, आणि ती बहुतेक लढाईत नव्हे तर घाण पाणी, तुंबलेली गटारं, कोंदट बराकी यांच्यामुळे मरत होती. दिव्याइतकीच महत्त्वाची अशी ही त्यांची वही आपल्या लक्षात राहिली नाही.

विटाळ आणि वॉर्ड

आता आपल्या गावाकडे वळू. बाळंतपण करायला सुईण यायची. तिच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असायचा, पण तिला मान नव्हता. रक्त, वार, मळ यांना हात लावायचा म्हणून ते काम हलकं समजलं जाई आणि बहुतेक ठिकाणी खालच्या मानलेल्या जातींतल्या बायकांवर ढकललं जाई. बाळंतीण दहा दिवस सोयरात, अंधाऱ्या खोलीत. तिला शिवणाऱ्या सुईणीला लुगडं, धान्य मिळे, पण ओट्यावर जागा मिळत नसे. जिच्या हातात दोन जिवांचं मरण-जगणं, तिलाच दाराबाहेर उभं करायचं, हा आपला जुना हिशेब. पुढे नर्सिंग आलं तेव्हा हाच विटाळ त्याच्या पाठी लागला. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, भांडी उचलायची; घरंदाज बाईचं हे काम नव्हे, असंच सगळे म्हणत.

त्यामुळे सुरुवातीला या कामात आल्या त्या युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती बायका. मद्रासच्या सरकारी रुग्णालयात १८७१ साली परिचारिकांचं रीतसर शिक्षण सुरू झालं. १८८८ च्या फेब्रुवारीत कॅथरीन लॉक या बाईंसोबत दहा प्रशिक्षित ब्रिटिश नर्सेस मुंबई बंदरात उतरल्या. त्या आल्या होत्या सैन्यासाठी, गोऱ्या शिपायांच्या दवाखान्यांमध्ये काम करायला. आपल्या आज्या-पणज्यांशी त्यांचा संबंध नव्हता.

बायकांसाठी दार उघडलं ते वेगळ्या वाटेने. पुरुष डॉक्टरपुढे जायचं नाही म्हणून बायका घरातच मरत. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाने निधी उभा राहिला, तो स्त्री-डॉक्टर, नर्स आणि सुईणी तयार करण्यासाठी. आणि १८८६ साली मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं. पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी गृहस्थांनी त्यासाठी पैसा दिला, आणि अट अशी की तिथे बायका-मुलांवर उपचार करायचे ते स्त्री-डॉक्टरांनीच. एडिथ पेची या इंग्लिश डॉक्टरबाई तिथल्या प्रमुख. नुसत्या डॉक्टर असून चालणार नाही, हे त्यांना लगेच दिसलं. त्यांनी नर्सेसना शिकवायला सुरुवात केली. मुंबईत नर्सिंग शिकायला १८९१ साली आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव रीतसर शिक्षण घेणाऱ्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून घेतलं जातं. मैत्रिणींनो, आपल्याला झाशीची राणी माहीत आहे, आनंदीबाई जोशी माहीत आहेत. त्यांच्याबरोबर काशीबाई गणपत हे नावही आपल्या मुलींना सांगायला हवं.

प्लेगचं वर्ष

१८९६ च्या पावसाळ्यात मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत पुण्यात पोचला. सरकारने १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा केला. घरात शिरून झडत्या सुरू झाल्या, माणसं ओढून छावणीत नेली जाऊ लागली. लोक रोगाइतकेच दवाखान्याला घाबरले. अशा वेळी सावित्रीबाई फुले यांनी दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांना बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या एका गायकवाड कुटुंबातला मुलगा प्लेगने तापलाय असं कळल्यावर सावित्रीबाईंनी त्याला स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या.

आपण सावित्रीबाईंना पहिल्या शिक्षिका म्हणून नमस्कार करतो. त्यांचं शेवटचं काम मात्र रुग्णसेवेचं होतं. शाळा उघडणारी बाई दवाखाना उघडते, आणि ज्याला शिवायला लोक घाबरतात त्याला पाठीवर घेते. तिच्या लेखी शिकवणं आणि शुश्रूषा ही दोन वेगळी कामं नव्हती. दोन्हींची मुळं विटाळ नाकारण्यात होती.

त्यानंतर पुण्यात हे काम रमाबाई रानडे यांनी पुढे नेलं. १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. विधवा आणि परित्यक्ता बायकांना पायावर उभं करायचं तर शिवण-टिपणापलीकडे काही हवं होतं. सेवासदनने बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं, त्यांच्या राहण्याची सोय केली. कर्मठ लोकांनी नावं ठेवली. पण केशवपन झालेल्या, घराच्या मागच्या खोलीत आयुष्य काढायला बसवलेल्या बाईला पांढऱ्या गणवेशाने पुढच्या दाराने बाहेर काढलं. तिच्या पांढऱ्या लुगड्याची दया करणारे आता तिला सिस्टर म्हणून हाक मारू लागले. हा बदल झाला तो शिक्षणाने आणि महिन्याला हातात येणाऱ्या पगाराने.

नोंदणीची लढाई

आता एक कोरडा वाटेल असा विषय, पण तो महत्त्वाचा आहे : नोंदणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोणीही पांढरा झगा घालून स्वतःला नर्स म्हणवू शकत असे. शिकलेली आणि न शिकलेली यांत फरक करायला काही नव्हतं. म्हणून परिचारिका एकत्र आल्या. १९०८ साली ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना झाली आणि १९१० पासून तिचं मासिक निघू लागलं. त्यांची मोठी मागणी ही, की आमची परीक्षा घ्या, आमची नावं सरकारी वहीत नोंदवा आणि त्या वहीत नाव नसलेल्याला नर्स म्हणू नका.

१९२६ साली मद्रास प्रांतात असा कायदा झाला. आपल्या मुंबई प्रांतात १९३५ साली नर्सेस, सुईणी आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा आला. नोंदणी म्हणजे समाजाने लिहून दिलेली कबुली, की हे काम शिकावं लागतं, ते जन्माने किंवा दयाळू मनाने आपोआप येत नाही.

पण अशा शिकलेल्या किती होत्या? स्वातंत्र्याच्या तोंडावर सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशभर पाहणी केली. १९४६ च्या अहवालातला आकडा ऐका. संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. एका तालुक्याला जेमतेम दोन-तीन. समितीचं म्हणणं होतं की ५०० माणसांमागे एक हवी. समितीने विद्यापीठाच्या पातळीवर नर्सिंगचं शिक्षण द्यावं असंही सुचवलं. त्याच वर्षी दिल्लीत आणि तमिळनाडूतल्या वेल्लोरला नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. दिल्लीच्या कॉलेजला पुढे राजकुमारी अमृत कौर यांचं नाव मिळालं, त्या देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री. १९४७ च्या डिसेंबरात भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. देश स्वतंत्र होऊन चार महिने झालेले, फाळणीच्या छावण्या भरलेल्या, आणि अशा धामधुमीत हा कायदा झाला. नर्सिंग ही विद्या आहे, हे नव्या देशाने पहिल्याच वर्षी मान्य केलं होतं.

नर्सबाई गावात आली

मान्य केलं, पण निभावलं का? पन्नासच्या दशकात खेड्यांसाठी एएनएमचा अभ्यासक्रम आला. हीच आपली नर्सबाई. सपाट भागात ५,००० आणि डोंगरी, आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा नियम ठरला. उपकेंद्रात ती एकटी. बाळंतपण, लसीकरण, हिवताप, गरोदर बाईची तपासणी, आणि वर ढीगभर रजिस्टरं. १९७३ साली कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती केलं. उद्देश वाढले, माणूस एकच राहिला. त्याच काळात कुटुंबनियोजनाच्या केसेसचं टार्गेट आलं. वर्षअखेर टार्गेट भरलं नाही तर पगार अडकण्याची धास्ती. मदतीला येणारी नर्सबाई दिसली की बायका दार लावून घेऊ लागल्या. १९९६ साली वरून टार्गेट लादण्याची पद्धत सरकारने बंद केली, पण तोवर नर्सबाई आणि गाव यांच्यातला विश्वास बराच झिजला होता. दोष तिचा नव्हता. ज्ञानासाठी नेमलेल्या बाईला आकडे भरायला लावलं होतं.

शहरातल्या परिचारिकेपुढे वेगळं संकट होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांची हकीकत आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी ड्यूटी संपवून कपडे बदलायला गेलेल्या या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा उठल्या नाहीत. त्या माणसाला शिक्षा झाली ती मारण्याचा प्रयत्न आणि चोरी यांच्यासाठी, सात वर्षांची. परिचारिकांनी त्या वेळी संप केला. मागणी साधी होती, आम्हाला सुरक्षित जागा द्या. आणि त्यानंतर त्या रुग्णालयातल्या परिचारिकांनी अरुणा यांना ४२ वर्षं सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तिनेही सांभाळलं. २०११ साली दयामरणाच्या अर्जावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिका आणि कर्मचारी यांनाच अरुणा यांचे खरे आप्त मानलं. १८ मे २०१५ रोजी अरुणा गेल्या.

इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कातडी शाबूत ठेवणं म्हणजे काय, हे घरात लकवा झालेल्या सासऱ्याला किंवा आईला सांभाळलेल्या बाईला विचारा. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, घास श्वासनलिकेत जाणार नाही असं भरवायचं. यात माया आहेच. पण नुसत्या मायेने हे जमत नाही, यामागे शिकलेला हात लागतो.

परदेशाची वाट

आपल्या दवाखान्यांमध्ये मल्याळी सिस्टर इतक्या का दिसतात, असं आम्हाला श्रोत्या विचारतात. केरळात मुलींच्या शिक्षणाला लवकर सुरुवात झाली आणि तिथल्या ख्रिस्ती समाजात या कामाला विटाळ चिकटलेला नव्हता. शेती थोडी, घरं मोठी. मुलीने नर्सिंग केलं की ती मुंबई-दिल्लीला जाई, साठच्या दशकात जर्मनीला जाऊ लागली, सत्तरच्या दशकात आखाती देशांत. तिच्या पैशाने भावंडांची शिक्षणं झाली, घराला स्लॅब पडला. पण तीच मुलगी कधी कधी युद्धातही सापडली. २०१४ साली इराकमधल्या तिक्रीत शहरात ४६ भारतीय परिचारिका अतिरेक्यांच्या ताब्यात सापडल्या. जुलैमध्ये त्या सुखरूप परत आल्या. बहुतेकींच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज होतं, म्हणून त्या एवढ्या धोक्याच्या जागी गेल्या होत्या.

म्हणजे देशात परिचारिका कमी, आणि तरीही शिकलेल्या मुली बाहेर जातात. याचं उत्तर पगारात आहे. खासगी दवाखान्यांमध्ये तीन-साडेतीन वर्षं शिकलेल्या मुलीला इतका कमी पगार मिळे, की परिचारिकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१६ च्या जानेवारीत न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितलं. समितीने म्हटलं : ५० पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही पगार २०,००० रुपयांपेक्षा कमी नको, आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका द्या. शिफारस झाली. पण अंमल राज्यांवर सोपवला गेला, आणि शिफारस अजून बऱ्याच ठिकाणी कागदावरच आहे. तालुक्याच्या गावातल्या छोट्या दवाखान्यात काम करणाऱ्या एखाद्या मुलीला तिचा पगार विचारून बघा.

सरकारी नोकरीत पगार बरा, पण जागा भरल्या जात नाहीत, किंवा कंत्राटी भरतात. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, त्यातला मोठा मुद्दा बाहेरच्या कंपनीमार्फत होणाऱ्या भरतीला विरोध हा होता. परिषदेच्या निकषांप्रमाणे अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका हवी आणि साध्या वॉर्डात पाच खाटांमागे एक. सरकारी वॉर्डात नातेवाईक म्हणून रात्र काढलेल्या कोणत्याही बाईने हे गणित मनातल्या मनात करून पाहावं.

संकटात उभ्या

काशीबाई गणपत यांच्या काळातल्या त्या कामा हॉस्पिटलची गोष्ट इथे पुन्हा येते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी त्या रुग्णालयात शिरले. दाराशी पहारेकऱ्यांना त्यांनी मारलं. गरोदर बायकांच्या वॉर्डात अंजली कुलथे या परिचारिका ड्यूटीवर होत्या. त्यांनी जड दरवाजे लावून घेतले आणि वीस बायकांना आतल्या लहानशा खोलीत नेऊन वाचवलं. त्या धांदलीत एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिकक्षात पोचवलं. पुढे त्यांनी कसाबला ओळखलं, न्यायालयात साक्ष दिली, आणि २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही आपली हकीकत सांगितली.

त्यानंतर करोना आला. १८९७ चा प्लेगचा तोच साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. लोकांनी थाळ्या वाजवल्या, आणि काही ठिकाणी त्याच लोकांनी भाड्याने राहणाऱ्या नर्सला खोली खाली करायला लावली. जुना विटाळ नव्या नावाने परत आला होता. एप्रिल २०२० मध्ये सरकारला त्या जुन्या कायद्यात दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा हल्ला अजामीनपात्र गुन्हा ठरवावा लागला.

पुढे काय?

आता थोडं पुढचं. १९४६ चा तो आकडा आठवा, ४३,००० मागे एक. आज सरकारच्या हिशेबाने हजार माणसांमागे जवळपास दोन परिचारिका आहेत, आणि जागतिक निकष तीनचा मानला जातो. नोंदणी झालेल्यांची संख्या ३३ लाखांच्या वर गेली आहे. ही वाढ लहान नाही. पण नोंदणी झालेल्या सगळ्या आज देशातल्या वॉर्डात नाहीत; कोणी परदेशात आहे, कोणी लग्नानंतर घरी बसली आहे.

२०२३ साली १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा मंजूर झाला. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीने १५७ नवी नर्सिंग कॉलेजं जाहीर झाली. अतिदक्षता विभागात जास्तीचे अधिकार असलेली नर्स प्रॅक्टिशनर आणि साधी बाळंतपणं स्वतःच्या जबाबदारीवर करणारी प्रशिक्षित मिडवाइफ, असे दोन नवे रस्ते उघडले आहेत. म्हणजे ज्या सुईणीला आपण दाराबाहेर उभं केलं, तिच्याच कामाला आता पुढचं शिक्षण जोडलं जातंय. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या एका राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. मुलगेही या कामात येताहेत, त्यांना ब्रदर म्हणतात. ज्या कामात पुरुष येतात त्याला पगार मागायची लाज वाटत नाही, हेही एक निरीक्षण.

आपल्यापैकी ज्यांच्या मुली बारावीनंतर नर्सिंगला जाणार असतील त्यांनी चार गोष्टी विचाराव्या. कॉलेजला परिषदेची आणि राज्याची मान्यता आहे का, आणि ती यंदाची आहे का? मुलींना प्रत्यक्ष शिकायला किती खाटांचं, खरंच रुग्ण असलेलं रुग्णालय जोडलंय? शिकवणाऱ्या किती आणि त्यांचं शिक्षण काय? आणि नोकरी लागताना मूळ प्रमाणपत्रं कोणी ठेवून घेतोय का? मूळ कागद कोणाच्या कपाटात अडकवू नका, झेरॉक्स द्या.

गावाने काय करावं, हेही सांगतो. उपकेंद्राच्या खोलीला कडी आहे का, दिवा आहे का, पाणी आणि संडास आहे का, हे ग्रामसभेत विचारा. नर्सबाई मुक्कामी राहत नाही म्हणून तक्रार करण्याआधी ती राहील अशी जागा आपण दिली आहे का, ते पाहा. दवाखान्यात तिच्यावर हात उगारणारा आपल्या घरातला असेल तर त्याला आपण आधी अडवायचं. आणि तिला तिच्या नावाने हाक मारा, तिने काय शिकलंय ते विचारा.

मैत्रिणींनो, चरकांनी ज्ञान पहिलं ठेवलं होतं. नाइटिंगेलबाईंनी हिशेब मांडले. काशीबाई शिकायला गेल्या. १९३५ ला नाव वहीत चढलं, १९४६ ला पदवी आली. पाऊल पुढे पडलं ते प्रत्येक वेळी या कामाला विद्या म्हटल्यावर. आणि नुसतं सेवा म्हणून हात जोडले तेव्हा परिचारिकेच्या पदरात हार पडला, पगारवाढ पडली नाही. यापुढे १२ मे रोजी कोणी तुमच्यासमोर सेवेचा गौरव केला, तर आमच्या वतीने एक प्रश्न विचारा : या वर्षी तुमच्या दवाखान्यात सिस्टरच्या किती जागा भरल्या?